पडद्याच्या मोटारीतली फुसफुस

१

सूरजबाई गेली ती मोटारीत बसल्या बसल्या गेली. सकाळी जळगावहून चांगली हिंडती फिरती निघाली आणि दुपारी धुळ्याला सासरच्या दारात मोटारीचा पडदा बाजूला केला, तेव्हा मागच्या सीटवर कलंडलेली होती. डॉक्टर आले, नाडी पाहिली, 'हृदय बंद पडलं' म्हणाले आणि हात धुऊन मोकळे झाले. सूर्य मावळायच्या आत तिला अग्नी दिला. तिचा सख्खा भाऊ रुपचंद बोदवडहून धावतपळत पोचला तोवर त्याच्या वाट्याला राखच उरली होती.

रुपचंद बोदवडचा कापसाचा जिनिंगवाला. रागावली की माणसं ओरडतात. रुपचंदचा आवाज मात्र रागावल्यावर खाली जाई आणि जिनमधले गडी तेवढ्यावरून ओळखत की आज कोणाची तरी धडगत नाही. बहिणीच्या सासरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही हा त्यांच्यातला रिवाज, म्हणून तो धर्मशाळेत उतरला. तिथे भिकुबाई त्याला शोधत आली. ही सूरजबाईची मोलकरीण, लग्नापासून तिच्या पाठीशी असलेली.

"भाऊ, एक गोट सांगू? रागे भरू नका," ती दाराशीच उभी राहून म्हणाली. "बाईले न्हावू मीच घालं. मेल्या मानूसनं तोंड पांढरं पडस. बाईना गाल लालेलाल व्हतात. जशी हळदनी नवरी."

रुपचंद उठून उभा राहिला. असा चेहरा त्याने एकदा पाहिला होता. त्याच्या जिनमध्ये कोळशाच्या गॅसवर चालणारं इंजिन होतं. थंडीच्या दिवसांत एक गडी त्या खोलीत दारं लावून झोपला आणि सकाळी मेलेला सापडला, गाल असेच लाल. हा गॅस दिसत नाही, वासावरून ओळखू येत नाही, आणि मारलेल्या माणसाला जिवंतपणापेक्षा जास्त टवटवीत करून ठेवतो.

साल १९४३. लढाईमुळे पेट्रोल कुपनावर होतं आणि तेही औषधापुरतं. म्हणून पैसेवाल्यांच्या मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या चढल्या होत्या. सूरजबाईच्या सासरच्या मोटारीलाही होतीच. पिंपाएवढी भट्टी, तिच्यातून निघून मोटारीच्या पोटाखालून पुढे बॉनेटमध्ये जाणारा नळ, आणि त्या नळातून वाहणारा तोच गॅस.

"भिकुबाई, हे कोणाजवळ बोललीस?"

"कोनाजवळ नही."

"बोलू नकोस," रुपचंद म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की म्हातारीला पुन्हा विचारावं लागलं.

२

भिकुबाई मालकिणीबरोबर मोटारीत का नव्हती, हा पहिला प्रश्न. सूरजबाई दिवाळीनंतर जळगावला आपल्या आजारी जेठाणीच्या, थोरल्या जावेच्या, सेवेला राहिली होती आणि भिकुबाई तिच्याबरोबर होती. परतायच्या दिवशी मात्र निरोप आला, की धाकट्या शेठनी बाईंना एकटीलाच बोलावलं आहे, मोलकरणीने मागाहून सकाळच्याच रेल्वेने यावं.

धाकटे शेठ म्हणजे दीपचंद, सूरजबाईचा नवरा. रुपचंदला हा माणूस लग्नापासूनच आवडला नव्हता. बोलायचं तर मोजकं, हसायचं तर त्याहून मोजकं. आजही तो पेढीवर ताठ बसला होता आणि डोळे कोरडे ठणठणीत होते. बायको जाऊन चार दिवस झाले नाहीत तर एखादा माणूस नाटकापुरतं तरी रडतो, असं रुपचंदच्या मनात आलं.

"मोटारीच्या मागच्या खिडक्या स्क्रूने कायमच्या बंद कोणी केल्या?"

"मी करवल्या. धुळीने तिला खोकला लागायचा."

"तिला एकटीला पाठवा, हा निरोप तुमचाच?"

"मी कसलाही निरोप पाठवला नाही."

खोटारडा, रुपचंद मनात म्हणाला. "मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या लग्नाचं बोलणं चाललंय म्हणे?"

"लोक बोलतात," दीपचंद म्हणाला आणि समोरच्या दौतीचं झाकण लावून उठून आत गेला. पाहुण्याला 'बसा' सुद्धा म्हणाला नाही.

त्याचा थोरला भाऊ अमृतलाल अगदी उलट. जळगावचं सरकारमान्य धान्य दुकान हाच चालवायचा. घरात, बाजारात सगळे त्याला नाना म्हणत. सूरजबाईला जळगावहून घेऊन येणारा हाच, ड्रायव्हरशेजारी पुढच्या सीटवर बसून. रुपचंदला पाहताच त्याचा बांध फुटला. हात धरून जवळ बसवलं. समोर पाण्याची कळशी होती आणि तिच्या तोंडाला दुहेरी गळणं बांधलेलं होतं. नाना इतका कडक धार्मिक, की प्यायचंच काय, हात धुवायचं पाणीही गाळल्याशिवाय वापरायचा नाही. पाण्यातल्या जिवाला इजा नको. अख्ख्या धुळ्यात या गोष्टीचं कौतुक होतं.

"मी तिचा जेठ, रुपचंदजी. माझ्यादेखत तिने कधी पदर ढळू दिला नाही, की तोंडातून शब्द काढला नाही. मध्ये पडदा. मागे काय झालं ते मला कसं कळणार? पारोळ्याला थांबलो, मी थानकात जाऊन घटकाभर सामायिकाच्या जपाला बसलो. निघालो तेव्हाही वाटलं, झोपली असेल." त्याने डोळे पुसले. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "दीपचंदाला मूल हवं होतं. जाऊ द्या. भाऊ आहे माझा, मी बोलू नये."

आणि न बोलून त्याने सगळं बोलून टाकलं. रुपचंद बाहेर पडला तेव्हा त्याच्या मनात दीपचंदच्या गळ्याभोवती दोर पडलेला होता. गाठ मारायचंच काय ते बाकी होतं.

३

गाठ मारायला पुरावा हवा. देह जळाला होता, पण मोटार जळाली नव्हती.

ती मागच्या आवारात उभी होती आणि तिच्याजवळ ड्रायव्हर झुलाल डोकं धरून बसला होता. घरात कोणी त्याला दोष दिला नव्हता, पण तो स्वतःच अर्धा झाला होता.

"घडलं तसं सांग," रुपचंद म्हणाला.

"काय सांगू भाऊ? जळगाव सोडं तवयपासून बॉनेटमझार फुसफुस व्हती. सापना मायक. गाडी ओढे नही. मी म्हनं, नाना, बॉनेट उघाडीसन देखू का? ते म्हनेत, काही नाही, चाल, उशीर होतोय. पारोळाले थांबनूत, इंजिन बंद करं. नाना थानककडे गयात, मी चहा पेवाले गऊ. परत उनू, गाडी चालू करी, तर फुसफुस बठ्ठी बंद!"

"दुरुस्त कोणी केली?"

"देव जाने. मी बॉनेटले हात लावा नही. आन आखो एक. थांबेल गाडीनी भट्टी निवस, पंखा फिरावा लागस. मी फिरावा नही, तरी भट्टी लालबुंद व्हती."

भट्टीच्या बाजूला हातपंखा होता. मूठ फिरवली की निखारे फुलत आणि गॅस जोराने पुढे ढकलला जाई. तो कोणीतरी फिरवला होता. रुपचंदने बाह्या वर केल्या.

"चालू कर."

इंजिन सुरू झालं. फुसफुस नाही. रुपचंदने आधी रेडिएटर पाहिला. वाफ निसटली तरी असा आवाज येतो. पण पाणी काठोकाठ होतं, गळतीचा डाग कुठे नव्हता. मग त्याने एक उदबत्ती पेटवली आणि बॉनेटखालच्या गॅसच्या नळावरून, एकेका सांध्याजवळून हळूहळू फिरवली. चालू इंजिन नळातून गॅस ओढून घेतं. कुठे फट असली तर बाहेरची हवाही आत ओढली जाते आणि तीच फुसफुस करते. तसं असतं तर उदबत्तीचा धूर त्या जागी आत वळला असता. धूर सरळ वर जात राहिला. सगळे सांधे घट्ट.

रुपचंद विचारात पडला. फट आपोआप पडते, पण आपोआप बुजत नाही. जळगावपासून पारोळ्यापर्यंत असलेलं आणि पुढे नसलेलं भोक म्हणजे हाताने उघडलेलं आणि हाताने बंद केलेलं भोक. बॉनेटमध्ये असं एकच होतं. नळाला एक बारीक तोटी होती; गॅस तयार झाला का ते पाहायला ड्रायव्हर ती उघडून काडी लावतात. रुपचंदने तोटी उघडली.

फुस्स्स.

धूर वळून तोटीत शिरला आणि झुलाल ताडकन उठला. "हाऊच! हाऊच आवाज, भाऊ!"

"आता इंजिन बंद कर आणि मागे जाऊन पंखा फिरव."

इंजिन थांबलं, पंखा फिरू लागला आणि धूर उलटा झाला. मघापर्यंत हवा आत ओढणारी तोटी आता बाहेर फुंकत होती, आणि फुंकत होती तो निव्वळ विषारी गॅस. रुपचंदने झटकन ती बंद केली. तोटीच्या मागेच, बॉनेट आणि बैठक यांमधल्या पत्र्यात, बोटभर भोक होतं. कानशीने ताजं मोठं केलेलं, कडा अजून चकाकत होत्या. त्याने मोटारीतला गालिचा उचलला. पुढच्या सीटखालून मागच्या सीटपर्यंत काजळीचा बारीक ओरखडा गेला होता, रबरी नळी ओढून काढल्यासारखा.

मागच्या भागाला बाहेरूनच उघडणारं एकच दार होतं, पुढच्या बाजूला काच आणि तिच्यावर पडदा. सूरज बंद खिडक्यांच्या पेटीत बसली होती, आणि कोणीतरी त्या पेटीत नळी सोडली होती.

४

रात्री धर्मशाळेच्या ओट्यावर बसून रुपचंदने हिशेब जुळवला. मोटार चालू असताना तोटी हवा आत ओढत होती, तेव्हा त्या नळीने सूरजला काहीच होणार नव्हतं. गॅस शिरला तो इंजिन बंद आणि पंखा चालू असताना, म्हणजे पारोळ्याच्या थांब्यावर. ज्याने मूठ फिरवली, नंतर नळी ओढून तोटी बंद केली, तो पारोळ्यात होता.

आणि दीपचंद त्या वेळी धुळ्यात होता. कापसाच्या व्यापाऱ्यांची सभा होती आणि तो अध्यक्षाच्या खुर्चीत बसला होता. सूरजची नाडी पाहणारे डॉक्टरच त्या सभेतून त्याच्याबरोबर घरी आले होते.

रुपचंदला वाईट वाटलं. चक्क वाईट वाटलं. इतक्या प्रेमाने पोसलेला द्वेष असा एका क्षणात निराधार झाला की माणूस चिडतोच. पण द्वेष काही विरून गेला नाही. नव्या मालकाच्या शोधात फिरू लागला.

झुलाल? त्याने केलं असतं, तर फुसफुशीचा शब्दही काढला नसता. तो आवाज त्याच्याशिवाय एकाच माणसाने ऐकला होता, आणि त्या माणसाने बॉनेट उघडू दिलं नव्हतं.

सकाळी त्याने झुलालला पुन्हा गाठलं. "पारोळ्याला नाना परत आले तेव्हा तू कुठे होतास?"

"मी हॉटेलमझारथीन निंघनू तं नाना हाळवर हात धुई ऱ्हायंतात. कोपरलोंग. मी म्हनं, नाना, कळशी आनू का? ते कितला दचकनात!"

"हाळावर? ढोरं पाणी पितात त्या?"

"तेच ना भाऊ. मालेबी नवल वाटनं."

झुलालला नवल वाटलं होतं. रुपचंदने तो हाळ डोळ्यांपुढे आणला. ते पाणी म्हणजे शेवाळ, किडे आणि अळ्या. जो माणूस गळण्यातून आल्याशिवाय पाण्याचा थेंब बोटाला लागू देत नाही, त्याने जनावरांच्या हाळात कोपरापर्यंत हात बुडवले? जन्मभराचा नेम असा मोडायला त्या हातांवर काहीतरी असं लागलेलं असलं पाहिजे, की कळशी येईपर्यंतही थांबवेना. भट्टीच्या मुठीची काजळी. दुसऱ्या कोणाला त्यात काही दिसलं नसतं; रुपचंद स्वतः गाळलेल्या पाण्यावर वाढलेला होता.

उरला प्रश्न कशासाठी. त्याचं उत्तर भिकुबाईकडे होतं, फक्त तिला कोणी विचारलं नव्हतं. जळगावला सूरजबाईने पडद्याआडून पाहिलं होतं, की लोक पिशव्या घेऊन दुकानापुढे रांगा लावतात आणि सरकारी ज्वारीची पोती मागच्या दाराने काळ्या बाजारात जातात.

"बाई म्हनेत, लोके उपाशी, आन आपला घरमझार हाई पाप. धुळाले गऊ का यासले सांगसू." भिकुबाईने पदर डोळ्यांना लावला. "नाना दारनामांगे उभा व्हतात. मी देखं."

दुकानाचा परवाना दीपचंदच्या नावावर होता. त्याला कळतं तर नाना दुकानातूनच नाही, घरातूनही गेला असता. म्हणून भिकुबाईला खोट्या निरोपाने मागे ठेवलं, आणि सूरजला त्या पेटीत बसवलं. जेठासमोर सून तोंड उघडत नाही. पडद्यामागे शांतता पसरली तरी ड्रायव्हरला त्यात वावगं वाटणार नाही, आणि पडद्याला हात लावायची त्याची छाती नाही. बहिणीच्या अदबीचाच त्या माणसाने गळफास केला होता. 

पण राख दाखवून खटला कोणावर भरणार? आणि नानासारख्या धर्मात्म्यावरच्या आरोपावर कोण विश्वास ठेवणार? त्याने जाऊन दीपचंदला सगळं सांगितलं. त्याची माफीही मागितली.  दीपचंदने शेवटी एवढंच विचारलं, "तिला कळलं असेल का?"

"डोकं जड झालं असेल. काच ठोठावली असेल. ऐकायला कोणी नव्हतं."

दीपचंदने मान हलवली. "तुम्ही म्हणाल तसं करू," तो म्हणाला. काय हा थंड माणूस, असं रुपचंदला पुन्हा एकदा वाटलं.

५

बेत साधा होता. सुतक फिटल्यावर नाना जळगावला परत जाणार, त्याच मोटारीने. इंजिन चालू असताना तोटी उघडी ठेवायची. नळी जोडायची नाही, फक्त आवाज काढायचा. ज्याला त्या फुसफुशीचा अर्थ ठाऊक नाही तो गप्प बसेल. ज्याला ठाऊक आहे, तो पारोळ्याला पंखा फिरू लागला की बोलेल. ऐकायला पारोळ्याच्या हॉटेलच्या बाकावर वकील उखर्डू पाटील आणि गावचे एक डॉक्टर बसलेले असतील.

"मी पुढे बसतो," मोटारीशी आल्यावर नाना म्हणाला. "मागे मला मळमळतं."

"नाना, तुम्ही घरातले वडील," दीपचंदने हात जोडले. "तुम्ही मागे ऐसपैस बसा. आम्ही दोघं पुढे झुलालजवळ दाटीवाटीने बसू." आणि त्याने स्वतः दार लावलं, पडदा ओढला.

गावाबाहेर पडेपर्यंत पडद्यामागून आवाज आला, "ही फुसफुस कसली?"

"काही नाही नाना," रुपचंद म्हणाला. "चला, उशीर होतोय."

 मागे सीटची स्प्रिंग करकरली. नाना जागा बदलत होता. मग पुन्हा. मुकटी गाव मागे पडल्यावर त्याने मोटार थांबवायला सांगितली. कोणी थांबवली नाही. पारोळा आलं, हॉटेलसमोर झुलालने इंजिन बंद केलं आणि तिघेही उतरले. रुपचंद मागच्या दाराला पाठ टेकून उभा राहिला. दीपचंद भट्टीकडे गेला आणि पंख्याची मूठ फिरू लागली.

आतून काचेवर थाप पडली.

"दीपचंदा! पंखा थांबव! दार उघडा, रुपचंदजी!"

"का नाना? सूरज तर बसली होती इथे. गप्प बसली होती."

"तोटी बंद करा! बॉनेटमधली तोटी बंद करा, मी मरेन!"

हॉटेलच्या बाकावरचे वकील उठून उभे राहिले. तोटीबद्दल नानाला कोणीही एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"कोणती तोटी? तुम्हाला कशी ठाऊक?"

"मीच उघडली होती! जळगावला मीच उघडली! ती दीपचंदाला सांगणार होती, मी काय करणार होतो? उघडा! सगळ्यांसमोर सांगतो, मीच मारलं तिला, उघडा!"

रुपचंद जागचा हलला नाही. पाठीला दारावरच्या बुक्क्या जाणवत होत्या आणि त्या त्याला गोड लागत होत्या. आणखी थोडं, आणखी एवढंसं. आत आहे तरी काय, नुसती भीतीच तर आहे. भ्यायला लावणं म्हणजे मारणं नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मग बुक्क्या विरळ झाल्या. वकिलांनी पुढे येऊन त्याचा दंड धरला, "शेठ, झालं. ऐकलं आम्ही." तेव्हा कुठे तो बाजूला झाला आणि त्याने दार उघडलं.

नाना बाहेर आला तो गुडघ्यांवरच. पाय उभे राहीनात. तिथेच धुळीत ओकला. भेदरला बेटा, असं रुपचंदला वाटलं आणि त्याचं मन अगदी तृप्त झालं. डॉक्टरांनी नानाला ओढत मोकळ्या हवेत नेलं, त्याच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि पाणी मागवलं. कोणीतरी पोलिसांकडे धावलं. पंखा अजून फिरत होता.

"बस झालं, जावईबापू," रुपचंद म्हणाला आणि तोटी बंद करायला त्याने बॉनेट उघडलं.

तोटीला एक रबरी नळी घट्ट बसवलेली होती. तिचं दुसरं टोक पत्र्यातल्या भोकातून आत गेलं होतं.

तो तसाच वाकून पाहत राहिला. धुळ्याहून निघताना तोटी त्याने स्वतः उघडली होती, आणि तेव्हा तिथे काहीही नव्हतं. त्यानंतर बॉनेट लावायला एकच माणूस पुढे झाला होता.

पंखा थांबला. दीपचंद मागून चालत आला. हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि लग्नापासून पहिल्यांदाच रुपचंदने त्याच्या डोळ्यांत पाणी पाहिलं.

"ही नळी मी लावली नव्हती," रुपचंद म्हणाला.

"मी लावली." दीपचंदने झाडाखाली धापा टाकणाऱ्या भावाकडे पाहिलं. मग रुपचंदकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही दार फार लवकर उघडलंत."